साखर घालायची नाही

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी विजेच्या खांबाला नानांचा फ्लेक्स अजून लटकतोय. एका बाजूची दोरी तुटलीय, त्यामुळे जरा वारा आला की नाना पाठ फिरवतात. डोक्यावर भगवा फेटा, गळ्यात हार, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आणि खाली रांगेनं ज्यांची तोंडं छापलीत, त्यांच्यातल्या एकानंही शेवटच्या दिवसांत नानांना घोटभर चहा विचारलेला नाही. भाजी आणायला मला त्याच खांबाखालून जावं लागतं. रोज ठरवते, वर बघायचं नाही. रोज बघते आणि रोज माझं डोकं फिरतं. आमचे हे म्हणतात, जाऊ दे ना, एका पावसाळ्यात सडून जाईल. त्यांचं बरं आहे, त्यांना कशाचाच राग येत नाही.

नाना आमचे घरमालक. जेलरोडला त्यांचं बसकं घर, पुढे पडवी, मागे ओळीनं तीन खोल्या भाड्यानं दिलेल्या. आम्ही मधल्या खोलीत. नाना इगतपुरीला रेल्वेच्या रनिंग रूममध्ये स्वयंपाकी होते. रनिंग रूम म्हणजे गाडी घेऊन आलेले ड्रायव्हर-गार्ड जिथं जेवतात, झोपतात आणि पुढच्या गाडीवर निघून जातात ती जागा. सगळी नोकरी तिथं काढली, मग रिटायर होऊन नाशिकरोडला आले, पण रनिंग रूम काही त्यांच्या डोक्यातून रिटायर झाली नाही. दुपारी कुणी मोठ्यानं बोललं की पडवीतून ओरडायचे, 'हळू! लोकं झोपलेत.' कुठली लोकं? दुपारी खोल्यांमध्ये चिटपाखरू नसायचं, सगळे कामावर. पण नानांच्या लेखी घाट चढून आलेला एखादा ड्रायव्हर कायम आतल्या खोलीत घोरत पडलेला असायचा.

भाडेकरूंना ते नावानं हाक मारत नसत. खोलीवरून मारत. मी 'मधली', माझा नवरा 'मधल्या'. टोकाच्या खोलीत एक म्हातारी राहायची, तिला 'ए शेवटची' म्हणायचे. ती बिचारी हात जोडायची, की नाना, अहो निदान सकाळी सकाळी तरी शेवटची म्हणू नका. नाना म्हणायचे, 'बरं,' आणि दुपारपासून पुन्हा सुरू. जेवण तयार झालं की काठीनं दार ठोकायचे आणि म्हणायचे, 'गाडी लागली.' रनिंग रूममध्ये झोपलेल्या ड्रायव्हरला असं उठवतात म्हणे. आपण आतून 'येऊ द्या' म्हणायचं. म्हटलं नाही तर ठोकतच राहायचे, मग तुम्ही अंघोळीला बसलेले असा नाहीतर देवाला.

बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. पण रोजचा स्वयंपाक मात्र या एवढ्या पातेल्यात. मी एकदा विचारलं, नाना, एकट्यासाठी एवढं कशाला? तर माझ्याकडेच बघायला लागले, मीच वेडी असल्यासारखे. म्हणाले, 'थोडं मला येत नाय.' मग ते सगळं अन्न जायचं कुठे? ज्याच्या घरी काही वाईट घडलंय त्याच्या घरी. कॉलनीत अवेळी रिक्षा थांबली की नाना पडवीत उठून उभे राहिलेच. कुणाला दवाखान्यात नेलं, कुणाची बाई अडली, कुणाचा मुलगा गाडीवरून पडला, नानांना आधी कळायचं. आणि कुणी वारलं तर कडू घास नानांचा ठरलेला. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा बाहेरून जे पिठलं-भात येतं त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. खरं तर तो नात्यातल्यांनी न्यायचा. पण नात्यातले मोबाइलवर पत्ता विचारत बसलेले असायचे तोवर नानांचं पातेलं उंबऱ्यात हजर.

आता एवढं वाचून तुम्हाला वाटेल, काय देवमाणूस! अजिबात नाही. तोंड असं, की दिलेलं अन्न घशात अडकावं. दवाखान्यात पेशंटच्या बायकोला डबा देताना म्हणायचे, 'रडून घे आधी, मग जेव. दोन्ही एकदम केलंस तर ठसका लागंल.' मेथी आवडत नाही म्हणणाऱ्याला रोज मेथी. आणि कुणी आभार मानले की संपलंच. म्हणायचे, 'आभार ऐकायचे असतील तर मी टेसनावर जाऊन बसन. तिथं भोंग्यातली बाई दिवसभर माफी मागती आन आभार मानती, फुकाट.'

पण सगळ्यांत मोठा नियम डब्याचा. आपल्यात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नाही तर चमचाभर साखर तरी घालतात. आईनं मला लग्नाआधी जे शिकवलं त्यात हे होतं. नानांचा नियम उलटा. डबा घासून आणायचा, रिकामा आणायचा, पडवीच्या कठड्यावर ठेवायचा आणि चालू पडायचं. साखर घालायची नाही. नव्यानं आलेल्याला पहिल्याच डब्याबरोबर ही ताकीद मिळायची.

आमची पाळी आली ती यांच्या पाठदुखीनं. हे अंबडला एका कारखान्यात ठेकेदाराकडे होते. पाठ दुखते, पाठ दुखते म्हणत तेल चोळत राहिलो आणि एक दिवस पायच उचलेनात. मणक्याचा टीबी निघाला. ऑपरेशन झालं, आणि मग घरी पलंगावर उताणे, कुशीवर वळायचं तरी दुसऱ्यानं वळवायचं. ठेकेदारानं दुसरा माणूस लावला. माझी शाळेतली क्लार्कची नोकरी नवी, रजा मागितली तर उद्यापासून येऊच नका म्हणतील अशी. डॉक्टर सांगत होते की हा टीबी कुणाला लागत नाही. पण टीबी म्हटल्यावर मणक्याचा की छातीचा, हे कोण विचारतं?

माझे दीर सायखेड्याला. बागायत आहे, गाडी आहे. ते एकदा आले. द्राक्षांची पेटी घेऊन आले, तोंडाला रुमाल लावून दारातच उभे राहिले, आणि 'वहिनी, काही लागलं तर सांगा,' म्हणून गेले. नाना पडवीतून बघत होते. दिरांची गाडी वळली तशी म्हणाले, 'काय लागलं तर सांगा म्हंजे काय सांगू नका. मराठी शिकलीस ना तू?' मला तेव्हा नानांचाच राग आला. सासरच्या माणसाला परक्यानं बोललेलं कुणाला आवडतं? पण दिरांचा फोन त्यानंतर आला नाही, आणि मी केला तर रेंज नसायची. सायखेड्याला रेंज नाही! गोदाकाठी बसून पोरं दिवसभर क्रिकेट बघतात मोबाइलवर.

मग पहिल्या खोलीतल्या जोडप्यानं नानांना सांगितलं की एक तर मधले राहतील नाहीतर आम्ही. त्यांचं लहान बाळ होतं, मी त्यांना फार दोष देत नाही. थोडा देते. नाना लसूण सोलत होते, मान वर न करता म्हणाले, 'तुम्हाला भ्या वाटतं ना? मग तुमीच जा.' ते खरंच गेले. ती खोली पुष्कळ दिवस रिकामी राहिली, भाडं बुडालं. नानांनी तिथं कांदे पसरले.

मी सकाळी शाळेला निघाले की नाना लसणाची टोपली घेऊन आमच्या खोलीत येऊन बसायचे. दिवसभर. यांना पाणी द्यायचं, भांडं द्यायचं, कुशीवर वळवायचं, सगळं करायचे, आणि अखंड टोचायचे. 'अंगठा हलव मधल्या. घाटात गाडीला मागून इंजिन लावत्यात, तुला कुठून लावू?' हे संध्याकाळी मला म्हणायचे, या म्हाताऱ्याला आवर, नाहीतर मी मरेन. मी म्हणायचे, मरायला आधी उठावं लागेल. अशी आमची थट्टा चालायची. हसायचो आणि मग मी मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे. एकदा रडून बाहेर आले तर कठड्यावर डबा, आणि नाना म्हणतात, 'झालं का? आता जेव.'

एके दिवशी शाळेतून आले तर हे दाराची चौकट धरून उभे. नाना मागे कंबरेचा पट्टा धरून उभे, घामाघूम, आणि शिव्या देतायत. मला काय झालं ते सांगता येत नाही. त्या रात्रीचं जेवण झाल्यावर मी डबा घासला, पुसला, आणि काठोकाठ साखर भरली. म्हटलं, रोज ऐकलं, आज नाही ऐकत. आईनं शिकवलेलं आज करणारच.

सकाळी नानांनी पडवीत झाकण उघडलं, आत बघितलं, आणि सगळी साखर अंगणातल्या मोरीत ओतली. वरून तांब्याभर पाणी. त्या दिवशी डबा आला नाही. लसणाची टोपलीही आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मी पदर खोचून भांडायला गेले. म्हटलं, एवढं काय केलं मी? विष घातलं होतं का?

नाना पाट ओढून बसले आणि लसूण सोलत सोलत सांगू लागले, माझ्याकडे न बघता. इगतपुरीला क्वार्टरमध्ये राहत होते तेव्हाचं. मूल पोटातच गेलं आणि बायको अंथरुणाला खिळली. पाऊस असा की समोरचं क्वार्टर दिसत नव्हतं. शेजारी एका पॉइंटमनची, म्हणजे रुळांचे सांधे बदलणाऱ्याची, बायको होती. ती डोक्यावर गोणपाट घेऊन यायची, भाकरी-कालवण द्यायची, नानांच्या बायकोला न्हाऊ घालायची, तिची वेणी घालायची. नाना तिचा डबा परत देताना न चुकता साखर घालायचे. मनात म्हणायचे, आपण कुणाचं ठेवत नाही. पुढे त्या पॉइंटमनला ताप आला, वाढला, नाशिकला हलवायला सोबत पुरुष माणूस हवा होता. ती नानांच्या दारात येऊन उभी राहिली. नाना म्हणाले, ड्यूटी आहे.

'ड्यूटी व्हती,' नाना म्हणाले. 'खोटं नाय. पण बदली माणूस भेटत व्हता. मी मागितला नाय. मनात काय आलं सांगू, मधली? आपलं तर फिटलंय, हे आलं.'

तो माणूस वाटेतच गेला. नानांनी कडू घास केला, पिठलं-भात, नेऊन दिला. तिनं घेतला. पोरांना वाढला, स्वतः खाल्ला. दुसऱ्या दिवशी पातेलं नानांच्या दारात. लख्ख घासलेलं, आणि तळाशी मूठभर साखर. सुतकाच्या घरातून कुणी साखर घालून भांडं देतं का? कधी ऐकलंय? ती बाई भांडली नाही, बोलली नाही, शिव्याशाप दिले नाहीत. तिनं नुसतं फिटवून टाकलं, आणि पुन्हा कधी नानांच्या दाराकडे मान वळवून बघितलं नाही.

नाना म्हणाले, साखर घातली की माणूस मोकळा होतो, आणि मोकळा झाला की हाकेला येत नाही. मी म्हटलं, म्हणजे आम्ही जन्मभर तुमचं ओझं वाहायचं? तर म्हणाले, 'वाहा की. पाठ मोडती का? नवऱ्याची मोडली व्हती, ती बी सरळ झाली.' दुसऱ्या दिवशी काठी वाजली, गाडी लागली. डब्यात मेथी होती.

हे सगळं सांगायचं कारण तो सत्कार. आमच्या कॉलनीचं गणपतीचं मंडळ आहे, त्याचा अध्यक्ष म्हणजे एक चटपटीत तरुण. त्याचे वडील वारले तेव्हा त्याच्या घरी तेरा दिवस नानांचं पातेलं जात होतं. पुढे त्याला नगरसेवक व्हायची हौस आली. महापालिकेची निवडणूक जवळ आली तसं त्याच्या मनानं घेतलं की नानांचे आभार मानायचे राहून गेलेत. 'कृतज्ञता सोहळा' असा फ्लेक्स लागला, त्यात अध्यक्षाचा फोटो नानांच्या दुप्पट. नानांना खरं सांगितलं तर येणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून मंडळाच्या महाप्रसादाचा मसालेभात करायचाय असं सांगून बोलावलं. नाना कंबरेला पंचा बांधून, हातात झारा घेऊन आले. मांडवात पातेलं नाही, चूल नाही, खुर्च्या. दोघांनी दंडाला धरून स्टेजवर चढवलं. झारा कुणी तरी काढून घेतला, डोक्यावर फेटा बसवला, खांद्यावर शाल, हातात नारळ. एका बाईंनी कविता म्हटली. ज्यांनी ज्यांनी नानांचा डबा खाल्ला होता ते एकेक करून आले, वाकून पाया पडले, फोटो काढून घेतले. माझं मन मला म्हणत होतं, ऊठ आणि त्यांना खाली आण. पण माणसांच्या भिंतीतून स्टेजपर्यंत पोचताच येईना, आणि यांनी माझा हात दाबून धरला होता.

मग नानांच्या तोंडापुढे माइक धरला. नाना आपला झारा कुणाकडे गेला ते शोधत होते. लोकांना वाटलं, भारावले. मग म्हणाले, 'सगळ्यांनी मिळून डब्यात साखर घातली. बरं केलं. आता कुणाचं काय राह्यलं नाय. जा घरी.'

टाळ्यांचा हा कडकडाट. अध्यक्ष माइकवर म्हणाला, बघा किती साधेपणा! मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे. त्या मांडवात नाना काय बोलले ते आम्हा दोघांनाच कळलं होतं. आणि त्या दिवसापासून खरंच सगळ्यांच्या वागण्यात एक सैलपणा आला. आधी नाना समोरून आले की लोक जरा थांबायचे, काय नाना, बरं का, म्हणायचे. डोळ्यांत एक अवघडलेपण असायचं, देणं असलेल्या माणसाचं. आता स्कूटरवरूनच हात करायचे.

नाना पडले ते पुढच्या पावसाळ्यात. गल्लीच्या टोकाला एक म्हातारे गेले होते, त्यांच्याकडे न्यायचं पातेलं ओट्यावरून उतरवताना ओल्या फरशीवर पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं. आम्ही दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन घरी आले. त्या म्हाताऱ्यांच्या घरच्यांनी त्या दिवशी मोबाइलवरून हॉटेलातलं जेवण मागवलं. मागवलं तर मागवलं, माणसाला भूक लागते. पण नंतर तरी बघायला यावं की नाही?

बाकीचे आले. प्रत्येक जण एकेकदा. फळं घेऊन आले, चपला न काढता दारात उभे राहिले, आणि म्हणाले, 'नाना, काही लागलं तर सांगा.' अध्यक्षानं कॉलनीच्या ग्रुपवर नानांचा फेट्यातला फोटो टाकला, लवकर बरे व्हा. खाली हात जोडलेल्यांची ही रांग. मी त्याच ग्रुपवर लिहिलं, की दुपारी नानांजवळ कुणी तरी बसायला हवंय, वार वाटून घेऊ या. दोघांनी अंगठा दाखवला. कुणीच आलं नाही. एक बाई मला भाजीवाल्याकडे भेटल्या तर म्हणतात, अहो, आपण एवढा मोठा सत्कार केला ना त्यांचा. मी हातातली कोथिंबीर तिथंच टाकून घरी आले.

सकाळ-संध्याकाळ डबा मीच न्यायला लागले. हे आता एका पतसंस्थेत दारावर बसतात, त्यांची दुपार मोकळी, ते नानांजवळ बसायचे. लसूण सोलायचे आणि म्हणायचे, 'अंगठा हलवा नाना.' मी दारावर नानांचीच काठी वाजवायचे, गाडी लागली म्हणायचे, आणि आतून 'येऊ द्या' आलं की शिरायचे. माझ्या स्वयंपाकाची नानांनी जी लाज काढली! 'मधली, हे वरण हाय का गोदेच्या पुराचं पाणी?' भात चिकट, भाकरी जाड, मिठाचा पत्ता नाही. सासूनं कधी एवढं ऐकवलं नाही मला. मी म्हणायचे, खायचं तर खा. ते खायचे, आणि डबा तसाच खरकटा परत. मला त्यात काही वाटत नव्हतं, उलट बरं वाटायचं. म्हटलं, ठीक चाललंय.

मग श्वास लागायला लागला. हाडाचं निभावलं आणि हृदयाचं निघालं. डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं की सांभाळा, पण फार आशा ठेवू नका. ते नानांना आम्ही सांगितलं नाही. त्यांना कसं कळलं माहीत नाही.

त्यानंतर एका सकाळी मी कालचा डबा घासायला घेतला तर घासलेला. उघडला तर आत साखर.

तशीच तो डबा घेऊन गेले. नाना पलंगावर टेकून बसले होते, वॉकर शेजारी. ओट्यापर्यंत जायला डॉक्टरांनी मना केलं होतं, तरी जाऊन डबा घासला होता.

मी म्हटलं, 'हे काय?'

'साखर.'

'ती दिसतेय. कशाला?'

'फिटलं, मधली. सगळे झाले, तू बी हो मोकळी.'

मी म्हटलं, 'मला त्यांच्यात बसवू नका.' आणि त्यांच्या ओट्यावरची बरणी काढून साखर त्यात परत ओतली. नानांनी भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा साखर. मी पुन्हा ओतली. तिसऱ्या दिवशी मी बरणीच उचलून वरच्या फळीवर ठेवली, म्हटलं, आता काढा. तर डब्यात गुळाचा खडा. मी गुळाचा डबा घरी घेऊन आले. तर दूधवाल्याकडून साखरेची नवी पुडी मागवून घेतली. हट्ट तर बघा! श्वास पुरत नाही, चार पावलं टाकली की ओठ निळे पडतात, आणि हा माणूस डबा घासून त्यात साखर घालायला उठतो. हे म्हणाले, घे ना एकदा, त्यांच्या जिवाला शांतता मिळेल. मी म्हटलं, माझ्या जिवाचं काय? सगळ्या कॉलनीनं एक शाल देऊन स्वतःला सोडवून घेतलं, आणि आता ते मलाही त्याच रांगेत उभं करून जाणार? मला नाही सुटायचं. मला ते ओझं हवंय. पाठ मोडत नाही माझी.

नानांनाही हे एकदा असंच तोंडावर सांगितलं. ते नुसते म्हणाले, 'आज वरण बरं व्हतं.' आयुष्यात पहिल्यांदा. मी ती तारीफ ऐकली आणि मला भीती वाटली.

शाळेला अर्धी सुट्टी होती त्या दिवशी दुपारचं जेवण मीच घेऊन गेले, हे अजून पतसंस्थेतून यायचे होते. काठी वाजवली. म्हटलं, नाना, गाडी लागली. आतून काही आलं नाही. पुन्हा वाजवली. मग वाटलं झोपले असतील, आणि माझा हात आपोआप थांबला. दुपारची वेळ, लोकं झोपलेत. पडवीच्या कठड्यावर सकाळचा डबा होता, घासलेला, झाकण घट्ट लावलेला. मी तो उचलला तेव्हाच हाताला वजन लागलं. मग दार ढकललं.

माणसं जमली. चांगली गर्दी झाली, खोटं कशाला बोलू. अध्यक्ष आला, त्यानं यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला विचारलं की फेट्यातला सोडून दुसरा फोटो आहे का, नसला तरी चालेल. इगतपुरीहून एक लांबचा पुतण्या आला, त्यानं अग्नी दिला. सगळ्यांनी घाटावर अंघोळी केल्या आणि आपापल्या घरी गेले. अख्ख्या कॉलनीला ज्यानं कडू घास दिला, त्याच्यासाठी कडू घास न्यायचा तर कुणाकडे? घरी खाणारंच कुणी नाही. मी पिठलं-भात टाकला आणि आम्ही दोघं नानांच्या पडवीत पान घेऊन बसलो. पुतण्या घराला कुलूप लावत होता. त्यानं विचारलं, 'तुम्ही कोण त्यांच्या, नात्यातल्या का?'

मी म्हटलं, 'आम्ही मधले.'

त्याला काही कळलं नाही. कुलूप ओढून बघितलं आणि तो शेवटच्या गाडीनं गेला. बरणी आतच राहिली. साखर परत ओतायला मला आता जागा नाही.

तो डबा आमच्या ओट्यावर आहे. मुंग्या लागतात, मी झाकण पुसते, खालची ताटली बदलते. परवा घरातली साखर संपली. चहा उकळत होता, आणि यांनी सहज हात लांब करून विचारलं, त्यातली घेऊ का चमचाभर? मी म्हटलं, 'हात लावून तर बघा. फिटलेलं नाही आपलं.'

यांनी हात मागे घेतला. दोघांनी फिकाच चहा घेतला.